काइरल आम्ल उत्प्रेरक आणि असममित संश्लेषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेंद्रिय रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले तरुण आणि औषधनिर्मितीच्या प्रक्रियाविकासात काम करणारे रसायनतज्ज्ञ या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. मांडणी साधारणपणे मूलभूत गोष्टींकडून प्रत्यक्ष प्रयोगाकडे जाणारी आहे. ज्यांचा प्रयोग आत्ताच अडला आहे, त्यांनी शुद्धीकरणाविषयीचा प्रश्न आधी वाचला तरी चालेल.

काइरल आम्ल उत्प्रेरक म्हणजे नेमके काय?

ज्या रेणूची आरशातील प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसत नाही, तो रेणू काइरल. डावा आणि उजवा हात यांचे जे नाते, तेच अशा रेणूच्या दोन रूपांचे असते आणि या दोन रूपांना एनँशिओमर म्हणतात. काइरल आम्ल उत्प्रेरक हे असे सेंद्रिय आम्ल असते की जे स्वतः एकाच एनँशिओमरच्या रूपात वापरले जाते, अभिकारकाला प्रोटॉन देऊन किंवा हायड्रोजन बंधाने धरून त्याची अभिक्रियाशीलता वाढवते आणि त्याच वेळी उत्पादिताच्या दोन एनँशिओमरपैकी एकच प्रामुख्याने तयार होईल अशी व्यवस्था करते. दुसऱ्या अर्ध्या भागामुळेच हा विषय अवघड आणि रोचक होतो. पहिला अर्धा भाग साधे हायड्रोक्लोरिक आम्लही करू शकते.

प्रोटॉनला डावे-उजवे काहीच नसते. मग निवडकता येते कुठून?

हा प्रश्न योग्य आहे आणि या संपूर्ण विषयाचा गाभा त्यातच आहे. प्रोटॉन स्वतः कोणतीही दिशा सांगत नाही. तो अभिकारकाकडे गेल्यावर मागे जो ऋणायन उरतो, म्हणजे त्या आम्लाची संयुग्मी आम्लारी, तो काइरल असतो. उदाहरणार्थ, इमाइनला (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेल्या संयुगाला) प्रोटॉन मिळाला की इमिनियम धनायन तयार होतो, आणि फॉस्फेट ऋणायन त्याला हायड्रोजन बंधाने व विद्युत आकर्षणाने चिकटून राहतो. आता एखादा न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा अभिकारक) त्या इमिनियमच्या कार्बनवर हल्ला करण्यासाठी आला, तर त्याला दोन पृष्ठे सारखी दिसत नाहीत. एका पृष्ठाची वाट ऋणायनाच्या अवजड गटांनी अडवलेली असते, दुसरी मोकळी असते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, जी पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात परत येईल : ऋणायन अभिकारकाच्या जितका जवळ आणि जितक्या ठाम स्थितीत राहील, तितकी निवडकता चांगली. द्रावक कोणता घ्यावा, पाणी का टाळावे, तापमान का उतरवावे, उत्प्रेरकावरचे गट का बदलावेत, हे वरवर वेगवेगळे वाटणारे प्रश्न बहुतांशी या एकाच आयन-जोडीच्या घट्टपणाचे प्रश्न आहेत.

दोन्ही एनँशिओमरचे मिश्रण करून नंतर ते वेगळे का करू नयेत?

करता येतात आणि उद्योगात आजही अनेकदा तसेच करतात. लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे दोन प्रकारचे स्फटिक हाताने वेगळे केले, तेव्हापासून पृथक्करणाची परंपरा चालत आली आहे. अडचण उत्पन्नाची आहे. रेसिमिक, म्हणजे दोन्ही एनँशिओमर समप्रमाणात असलेल्या, मिश्रणातून हवा तो एनँशिओमर वेगळा काढला, तर कमाल उत्पन्न ५० टक्के. उरलेला अर्धा भाग पुन्हा रेसिमिक करून वापरता आला नाही, तर तो वायाच जातो. असममित उत्प्रेरणात थोड्याशा काइरल पदार्थापासून हव्या त्या एनँशिओमरची मोठी राशी मिळते.

एकाच एनँशिओमरची गरज का, याचे उत्तर शरीरातील प्रथिने स्वतः काइरल असतात यात आहे. पेनिसिलामाइनचे डी-रूप औषध म्हणून वापरले जाते, तर एल-रूप विषारी आहे. थॅलिडोमाइडचे उदाहरण या संदर्भात हमखास दिले जाते, पण ते जपून द्यावे. त्याचे दोन्ही एनँशिओमर शरीरात एकमेकांत रूपांतरित होतात, त्यामुळे शुद्ध एनँशिओमर दिला असता तरी नवजात बालकांतील व्यंगांची ती दुर्घटना टळली नसती.

या क्षेत्राची सुरुवात केव्हा झाली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असममित उत्प्रेरण म्हटले की धातूंची संयुगे डोळ्यांसमोर येत. विल्यम नोल्स, र्योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते अशाच कामासाठी. धातूविरहित लहान सेंद्रिय रेणूंनी उत्प्रेरण करण्याचा विचार तुरळक स्वरूपात आधीपासून होता. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी प्रोलीनने घडवलेली वलयनिर्मिती हे त्याचे ठळक उदाहरण. २००० मध्ये बेंजामिन लिस्ट व त्यांचे सहकारी यांनी प्रोलीनने आंतररेणवीय अल्डॉल अभिक्रिया घडवली, त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी इमिडाझोलिडिनोन वापरून डील्स-आल्डर अभिक्रिया घडवली, आणि सेंद्रिय उत्प्रेरण हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून उभे राहिले. या दोघांना २०२१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आम्लांचा धागा याला समांतर आहे. १९९८ मध्ये एरिक जेकबसन यांच्या गटाने थायोयुरियाच्या प्रकारातील उत्प्रेरकाने स्ट्रेकर अभिक्रिया घडवली आणि केवळ हायड्रोजन बंधाच्या बळावर निवडकता मिळू शकते हे दाखवले. २००३ मध्ये विरेश रावळ यांच्या गटाने टॅडॉल या डायॉलने हेटरो-डील्स-आल्डर अभिक्रिया घडवली. खरा टप्पा मात्र २००४ चा. त्या वर्षी जपानमध्ये ताकाहिको अकियामा आणि मासाहिरो तेरादा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे बिनॉलपासून (दोन नॅफ्थॉल जोडून बनलेल्या काइरल रेणूपासून) बनवलेली फॉस्फोरिक आम्ले मॅनिक अभिक्रियेसाठी, म्हणजे इमाइनच्या कार्बनला नवा कार्बन जोडण्यासाठी, वापरली. अकियामांनी उणे ७८ अंश सेल्सिअसला सिलिल कीटीन अॅसिटाल घेतले, तर तेरादांनी २ मोल टक्के (अभिकारकाच्या दर १०० रेणूंमागे २ रेणू) उत्प्रेरकासह सामान्य तापमानाला अॅसिटिल अॅसिटोन घेतले. या दुसऱ्या प्रयोगाची एक उत्तरकथा आहे, ती पुढे येईल.

फॉस्फोरिक आम्लच का? कार्बोक्झिलिक किंवा सल्फॉनिक आम्ल का नाही?

बिनॉलच्या दोन्ही ऑक्सिजनना फॉस्फरस जोडला की सात अणूंचे वलय तयार होते. त्या फॉस्फरसवर एक आम्लधर्मी ओएच आणि एक पी=ओ उरतो. ओएच इलेक्ट्रोफाइलला (इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या अभिकारकाला) धरतो आणि पी=ओ न्यूक्लिओफाइलच्या हायड्रोजनला धरतो; एकच लहान रेणू दोन्ही भागीदारांना एकाच वेळी पकडून समोरासमोर आणतो. आम्लाची तीव्रताही बेताची असते. ती इमाइनला सक्रिय करण्याइतकी पुरेशी असते, पण सर्व काही प्रोटॉनित करून टाकण्याइतकी जास्त नसते.

तिसरे कारण सममितीचे आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. बिनॉलच्या सांगाड्यात द्विघाती घूर्णन अक्ष असतो, त्यामुळे प्रोटॉन फॉस्फरसवरील दोन ऑक्सिजनपैकी कोणत्याही ऑक्सिजनवर बसला तरी त्याला भोवतालची रचना तीच मिळते. असे नसते, तर एकाच उत्प्रेरकाची दोन वेगवेगळी रूपे एकमेकांशी स्पर्धा करत राहिली असती. सल्फॉनिक आम्लात तीन ऑक्सिजन एकाच गंधकावर असतात आणि तो गट एकाच बंधाभोवती मोकळेपणाने फिरू शकतो, म्हणून तेथे असा ताठ साचा मिळवणे कठीण जाते.

कार्बोक्झिलिक आम्ले अजिबात बाद नाहीत. केइजी मारुओका यांच्या गटाने बायनॅफ्थिल डायकार्बोक्झिलिक आम्ले उपयोगात आणली आहेत. मात्र त्यांची आम्लता कमी असल्याने कार्यक्षेत्र मर्यादित राहते.

३ आणि ३′ या स्थानांवरील गटांना एवढे महत्त्व कशासाठी दिले जाते?

कारण बिनॉलचा नुसता सांगाडा फॉस्फरसपासून दूर पसरलेला असतो आणि अभिक्रिया घडते त्या जागेपर्यंत त्याचा प्रभाव जेमतेम पोहोचतो. ३ आणि ३′ ही स्थाने फॉस्फेटच्या दोन्ही बाजूंना येतात. तेथे अवजड अॅरिल (सुगंधी वलयाचे) गट बसवले की आम्लाच्या भोवती एक अरुंद पोकळी तयार होते. तेथे काहीच न बसवता तोच सांगाडा वापरला, तर बहुतेक वेळा उत्पादित जवळजवळ रेसिमिकच मिळते.

सर्वांत प्रसिद्ध गट म्हणजे २,४,६-ट्रायआयसोप्रोपिलफिनाइल. तो असलेल्या उत्प्रेरकाला ट्रिप म्हणतात आणि लिस्ट यांच्या गटाने २००५ मध्ये तो इमाइनच्या अपचयनासाठी वापरला. ट्रायफिनाइलसिलिल, ९-अँथ्रिल, ९-फिनँथ्रिल आणि ३,५-बिस(ट्रायफ्लुओरोमिथिल)फिनाइल हे गटही सतत भेटतात. शेवटचा गट इलेक्ट्रॉन ओढून घेणारा असल्याने आम्लता किंचित वाढवतो.

नव्या अभिक्रियेसाठी सुरुवात कोणत्या गटापासून करावी, असे विचारले तर माझे मत असे की ट्रिप, अँथ्रिल आणि फ्लुओरिनयुक्त असे तीन वेगळ्या स्वभावाचे उत्प्रेरक आधी तपासावेत. एकाच प्रकारचे दहा गट तपासत बसल्याने फारसे काही कळत नाही. मोठा गट म्हणजे चांगला गट, ही समजूतही सोडून द्यावी. अभिकारक स्वतःच अवजड असेल, तर ट्रिपच्या पोकळीत त्याला जागाच मिळत नाही आणि वेग व निवडकता दोन्ही घसरतात.

बिनॉलऐवजी स्पायनॉल या स्पायरो सांगाड्यावरील किंवा व्हॅपॉलवरील फॉस्फोरिक आम्लेही वापरात आहेत. व्हॅपॉलमध्ये पोकळी सांगाड्यातच असल्याने वेगळे गट बसवावे लागत नाहीत.

ईई ९८ टक्के म्हणजे काय, आणि त्यासाठी ऊर्जेत किती फरक लागतो?

ईई म्हणजे एनँशिओमरिक आधिक्य : जास्त असलेल्या एनँशिओमरच्या टक्केवारीतून कमी असलेल्याची टक्केवारी वजा केली की ते मिळते. ९८ टक्के ईई म्हणजे ९९ आणि १ असे प्रमाण. दोन एनँशिओमरकडे नेणाऱ्या दोन संक्रमण अवस्थांच्या ऊर्जांतील फरकावर हे प्रमाण ठरते. २५ अंश सेल्सिअसला ९० टक्के ईईसाठी सुमारे १.७ किलोकॅलरी प्रति मोल, तर ९८ टक्क्यांसाठी सुमारे २.७ किलोकॅलरी प्रति मोल एवढा फरक पुरतो. एका चांगल्या हायड्रोजन बंधाच्या ऊर्जेहून ही संख्या लहान आहे. त्यामुळेच उत्प्रेरकावरील एखादा मिथिल गट इकडचा तिकडे झाला तरी निकाल बदलतो.

तापमानाचा परिणामही याच गणितातून दिसतो. फरक २.० किलोकॅलरी आहे आणि तापमानानुसार तो बदलत नाही असे धरले, तर २५ अंशांना सुमारे ९३ टक्के ईई येतो आणि उणे ७८ अंशांना सुमारे ९९ टक्के. प्रत्यक्षात एंट्रॉपीचा वाटा असल्याने हे गणित नेहमी इतके सरळ चालत नाही. तापमान उतरवल्यावर ईई कमी झाल्याची उदाहरणेही आढळतात.

उत्प्रेरक किती लागतो?

फॉस्फोरिक आम्लांसाठी १ ते १० मोल टक्के हे नेहमीचे प्रमाण आहे. ऐकायला ते थोडे वाटते, पण वजनात मोजून पाहावे. ट्रिपचे रेणुवस्तुमान सुमारे ७५३ आहे. १ मिलिमोल अभिकारकासाठी ५ मोल टक्के म्हणजे ३७.६ मिलिग्रॅम ट्रिप लागते. अभिकारकाचे रेणुवस्तुमान २०० असेल, तर त्याचे वजन २०० मिलिग्रॅम. म्हणजे वजनाच्या हिशेबाने उत्प्रेरक जवळपास १९ टक्के झाला. म्हणूनच कारखान्याच्या पातळीवर मोल टक्क्यांपेक्षा किलोचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. अधिक तीव्र आम्लांनी हे प्रमाण बरेच खाली आणले आहे. २०१८ मध्ये लिस्ट यांच्या गटाने कीटोनच्या मुकैयामा अल्डॉल अभिक्रियेत दहा लाखांत काही भाग एवढ्या अल्प उत्प्रेरकावर काम साधल्याचे दाखवले.

कोणत्या अभिक्रियांसाठी ही आम्ले सर्वाधिक उपयोगी आहेत?

इमाइनच्या अभिक्रियांसाठी, यात शंका नाही. मॅनिक, स्ट्रेकर, पिक्टेट-स्पेंगलर, फ्रीडेल-क्राफ्ट्स, आझा-डील्स-आल्डर या सर्व अभिक्रियांच्या असममित आवृत्त्या या आम्लांमुळे साध्य झाल्या. इमाइनचा नायट्रोजन पुरेसा आम्लारिधर्मी असतो आणि प्रोटॉनित झाल्यावर त्याचा हायड्रोजन फॉस्फेटच्या ऑक्सिजनकडे निश्चित दिशेने वळलेला राहतो.

स्थानांतरण हायड्रोजनीकरणाचा विशेष उल्लेख करायला हवा. त्यात हायड्रोजन वायू आणि धातू यांच्याऐवजी हांत्झ एस्टर वापरतात, जो शरीरातील एनएडीएचप्रमाणे हायड्राइड देतो. फॉस्फोरिक आम्ल इमाइनला प्रोटॉन देते, हांत्झ एस्टरच्या एनएच गटाला पी=ओने धरते आणि हायड्राइड एकाच पृष्ठाकडून सरकवते. मॅग्नस रूपिंग यांच्या गटाने २००६ मध्ये याच पद्धतीने क्विनोलीनचे अपचयन करून टेट्राहायड्रोक्विनोलीन उच्च निवडकतेने मिळवले. सुगंधी वलय मोडणारे हे अपचयन दाबाखालील वायूशिवाय घडते, ही प्रयोगशाळेतील माणसाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

इमाइनपलीकडे आल्डिहाइडचे अॅलिलबोरीकरण, स्पायरोअॅसिटालची निर्मिती, फिशर इंडोलीकरण अशी उदाहरणे आहेत.

द्रावक कोणता निवडावा?

टोल्यूइन, डायक्लोरोमिथेन किंवा यांसारखा कमी ध्रुवीय आणि हायड्रोजन बंध न स्वीकारणारा द्रावक घ्यावा. मिथेनॉल, डीएमएफ किंवा डीएमएसओ यांच्यात आयन-जोडी सैल होते, द्रावकाचे रेणू मध्ये शिरतात आणि ऋणायन आपली जागा सोडतो. अभिक्रिया कदाचित वेगाने चालेल, पण ईई हातचा जाईल.

पाणी पूर्णपणे काढणे आवश्यक आहे का?

बहुतेक वेळा होय. एक तर इमाइनचे जलविघटन होते, आणि दुसरे म्हणजे पाण्याचा रेणू स्वतः उत्तम हायड्रोजन बंध करतो. यासाठी ४ किंवा ५ अँग्स्ट्रॉमच्या आण्विक चाळण्या टाकण्याची पद्धत आहे. मात्र त्या चाळण्या अॅल्युमिनोसिलिकेट असून त्यांत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन असतात, हे विसरू नये. चाळणीसह आणि चाळणीशिवाय असे दोन्ही प्रयोग करून पाहावेत. फरक दिसला, तर तो केवळ पाण्यामुळेच आहे असे गृहीत धरू नये.

बाटलीवर फॉस्फोरिक आम्ल लिहिले आहे. आत खरोखर आम्लच आहे का?

नसण्याची शक्यता बरीच असते आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक मुद्दा हाच आहे.

ही आम्ले शेवटच्या पायरीला सिलिका जेलच्या स्तंभातून शुद्ध करतात. सिलिकात कॅल्शियम, सोडियम यांचे अंश असतात. आम्ल त्या स्तंभातून उतरताना हे आयन सोबत घेऊन येते, आणि पांढरी, सुंदर, एकच डाग दाखवणारी जी पूड हाती येते तिच्यात फॉस्फेटचे क्षार मिसळलेले असतात. पातळ थर वर्णलेखनावर हे कळत नाही. प्रोटॉन एनएमआरही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो.

२०१० मध्ये काझुआकी इशिहारा यांच्या गटाने हा प्रश्न थेट हाताळला. तेरादांच्या २००४ च्या मॅनिक अभिक्रियेत अॅसिटिल अॅसिटोनच्या संदर्भात खरे काम करणारा उत्प्रेरक मुक्त आम्ल नसून त्याचा कॅल्शियम क्षार आहे, असे त्यांनी दाखवले. यामुळे मूळ शोधाचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्यानंतर शेकडो अभिक्रियांत मुक्त आम्लच काम करते हे सिद्ध झाले आहे. पण त्या काळातील कोणताही शोधनिबंध वाचताना, लेखकांनी उत्प्रेरक आम्लाने धुतला होता का, हे प्रायोगिक भागात जाऊन पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उपाय सोपा आहे. स्तंभातून आलेली पूड डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवावी, विभाजक नरसाळ्यात ४ ते ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लासोबत दोनतीनदा जोरात हलवावी, खालचा सेंद्रिय थर वेगळा करावा, द्रावक उडवावा आणि उरलेला घन निर्वातात नीट वाळवावा. यानंतर फॉस्फरस-३१ एनएमआर घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहिला, तर संकेताचे स्थान सरकलेले दिसते. धुतलेल्या आणि न धुतलेल्या उत्प्रेरकाने एकच अभिक्रिया शेजारीशेजारी लावून पाहावी. काही वेळा न धुतलेला उत्प्रेरक अधिक चांगला निकाल देतो. तसे झाल्यास हेतुपुरस्सर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा क्षार बनवून त्याचा अभ्यास करावा, कारण बाटलीगणिक बदलणाऱ्या अशुद्धीवर कोणतीही पद्धत उभी राहू शकत नाही.

हे उत्प्रेरक प्रयोगशाळेत कसे बनवतात?

२-नॅफ्थॉलच्या दोन रेणूंचे ऑक्सिडीकारक युग्मन करून रेसिमिक बिनॉल मिळते, आणि सिंकोना अल्कलॉइडपासून बनवलेल्या क्षाराने त्याचे पृथक्करण करता येते. अर्थात, दोन्ही एनँशिओमर बाजारात सहज मिळत असल्याने ही पायरी बहुतेक जण स्वतः करत नाहीत. पुढे दोन्ही फिनॉल गट मिथॉक्सिमिथिलने झाकायचे, ब्यूटिल लिथियमने ३ आणि ३′ स्थानांवरील हायड्रोजन काढायचे, तेथे आयोडीन किंवा बोरॉनिक आम्ल बसवायचे आणि सुझुकी युग्मनाने हवा तो अॅरिल गट जोडायचा. ट्रिपसारख्या अडचणीच्या गटासाठी निकेलचे कुमादा युग्मन सोयीचे पडते. त्यानंतर फिनॉल मोकळे करून पिरिडीनमध्ये फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड घालायचे आणि शेवटी पाण्याने उरलेला क्लोरीन काढायचा.

दोन्ही एनँशिओमर सारख्याच सहजतेने मिळतात, हा बिनॉलचा मोठा फायदा आहे. नैसर्गिक अल्कलॉइडवर आधारित उत्प्रेरकांत उत्पादिताचा उलट एनँशिओमर हवा असेल, तर कधी कधी वेगळाच रेणू शोधावा लागतो.

अल्कीनसारख्या कमी आम्लारिधर्मी अभिकारकांचे काय?

साध्या फॉस्फोरिक आम्लाला ते जमत नाही. अॅसिटोनायट्राइलमध्ये मोजलेले त्याचे पीकेए (आम्लतेचे माप; ते जितके कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे १२ ते १४ असते. कीटोन किंवा साधे अल्कीन सक्रिय करायला त्याहून कितीतरी तीव्र आम्ल लागते. हिसाशी यामामोतो यांच्या गटाने २००६ मध्ये पी=ओ आणि ओएच यांच्यापैकी एका ऑक्सिजनच्या जागी ट्रायफ्लिल (इलेक्ट्रॉन जोरात ओढणारा) गट असलेला नायट्रोजन आणला. या एन-ट्रायफ्लिल फॉस्फोरामाइडचे पीकेए त्याच द्रावकात ६ ते ७ च्या आसपास येते, म्हणजे आम्लता लाखो पटींनी वाढली.

तीव्रता वाढवली की एक नवी अडचण उभी राहते. मिळालेला धनायन जितका अधिक अभिक्रियाशील, तितका ऋणायन कमी आम्लारिधर्मी आणि त्यांच्यातील बंध दुबळा. मग ऋणायनाने दिशा कशी द्यावी? लिस्ट यांच्या गटाचे उत्तर असे होते की दोन बायनॅफ्थिल घटक एका नायट्रोजनने जोडून आम्लाचे स्थान एका खोल, जवळपास बंदिस्त पोकळीत ठेवायचे. २०१२ चे इमिडोडायफॉस्फेट आणि २०१६ चे इमिडोडायफॉस्फोरिमिडेट, अर्थात आयडीपीआय, ही या विचाराची फळे आहेत. आयडीपीआयचे पीकेए अॅसिटोनायट्राइलमध्ये ५ च्या खाली जाते. त्यांच्या साहाय्याने २०१८ मध्ये साध्या अल्कीनचे आंतर्गत हायड्रोअल्कॉक्सिलीकरण आणि २०२४ मध्ये सायक्लोप्रोपेनच्या वलयाचे असममित विभाजन साध्य झाले. बंध दुबळा असतानाही केवळ बंदिस्त जागेच्या जोरावर निवडकता टिकते, हे या उत्प्रेरकांनी दाखवले. माझ्या मते २००४ नंतरची या क्षेत्रातील सर्वांत मोठी कल्पना हीच आहे.

लुईस आम्ले याहून वेगळी कशी?

लुईस आम्ल प्रोटॉन देत नाही, इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारते. काइरल बोरॉन आणि टायटॅनियमची लुईस आम्ले २००४ च्या कितीतरी आधीपासून वापरात आहेत. त्यांपैकी बरीच ओलाव्याला फार संवेदनशील असतात. दोन्ही प्रकारांतील सीमारेषा मात्र दिसते तितकी स्वच्छ नाही : डायसल्फोनिमाइड (आणखी एक तीव्र काइरल आम्ल) किंवा आयडीपीआय सिलिल कीटीन अॅसिटालच्या सान्निध्यात आले की स्वतःचा प्रोटॉन गमावून सिलिल गट घेतात, आणि मग खरे उत्प्रेरण सिलिकॉनचे लुईस आम्ल करते. ऋणायन तेवढा तोच राहतो.

धातूंसोबत ही आम्ले वापरता येतात का?

होय. काइरल फॉस्फेट हा धनप्रभारित धातूसंयुगाचा सोबती म्हणूनही काम करतो. डीन टोस्टे यांच्या गटाने २००७ मध्ये सुवर्णाच्या संयुगासोबत ट्रिपचा ऋणायन वापरून अॅलीनचे वलयीकरण उच्च निवडकतेने केले. लिगंड अकाइरल असूनही काम साधले, हे त्यातील विशेष.

कोणता उत्प्रेरक चालेल हे संगणकाने आधीच सांगता येते का?

काही अंशी. घनता फलन सिद्धांताने संक्रमण अवस्थांची गणना करून निकालाचे स्पष्टीकरण देणे आता नित्याचे झाले आहे. २०१९ मध्ये स्कॉट डेनमार्क यांच्या गटाने ८० टक्क्यांहून कमी ईई देणाऱ्या प्रयोगांवर प्रतिमान शिकवून त्याहून अधिक ईई देणाऱ्या फॉस्फोरिक आम्लांचे भाकीत केले. त्याच वर्षी मॅथ्यू सिगमन आणि जोलीन रीड यांनी इमाइनच्या अनेक अभिक्रियांना लागू पडणारे सांख्यिकीय प्रतिमान मांडले. तथापि १ किलोकॅलरीची चूक म्हणजे ९८ टक्के आणि ९० टक्के यांतील फरक, हे लक्षात घेतले तर अनोळखी अभिक्रियेबाबत प्रयोगाला पर्याय नाही.

अपेक्षेपेक्षा ईई फार कमी आला. काय तपासावे?

सर्वप्रथम मोजमाप तपासावे. काइरल स्तंभावर एचपीएलसी करण्याआधी रेसिमिक नमुना डायफिनाइल फॉस्फेटसारख्या अकाइरल आम्लाने बनवून त्याची दोन शिखरे समान क्षेत्रफळाची येतात का, ते पाहावे. एखादी अशुद्धी दुसऱ्या शिखराखाली दडलेली असेल, तर चांगला प्रयोगही वाईट दिसतो.

त्यानंतर उत्प्रेरकाशिवाय अभिक्रिया चालते का, हे पाहावे. उत्प्रेरकाचा मार्ग ९८ टक्के ईई देत असला, पण उत्पादिताचा दहावा भाग उत्प्रेरकाविना तयार होत असेल, तर हाती ८८ टक्केच येतो. अशा वेळी तापमान उतरवणे किंवा एक अभिकारक हळूहळू थेंबाथेंबाने घालणे उपयोगी पडते. मग उत्प्रेरक आम्लाने धुतलेला आहे ना, इमाइन ताजे आहे ना, त्यात मूळ अमाइनचा अंश उरलेला नाही ना, हे क्रमाने पाहावे; मुक्त अमाइन फॉस्फोरिक आम्लाला क्षारात बांधून टाकते. उत्पादित स्वतः आम्लारिधर्मी असेल, तर अभिक्रिया अर्ध्यावर मंदावते आणि ईई कालांतराने घसरत जातो. २०, ५० आणि ९० टक्के रूपांतरणाला नमुने काढून ईई मोजला, तर हे लगेच उघड होते.

वापरलेला उत्प्रेरक परत मिळवता येतो का?

येतो. ही आम्ले उष्णतेला आणि हवेला टिकाऊ असतात, आणि स्तंभावर उत्पादित उतरल्यावर अधिक ध्रुवीय द्रावकाने त्यांना बाहेर काढता येते. परत मिळालेली पूड सिलिकातून आलेली असल्याने पुन्हा हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवावीच लागते. बहुवारिकावर बसवलेली फॉस्फोरिक आम्लेही उपलब्ध आहेत. ती गाळून वेगळी करता येतात आणि प्रवाही पद्धतीच्या नळीत भरून सलग वापरता येतात.